नावं गेलेल्या गावांचा नकाशा

ऑफिसचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते ड्रॉवरमधल्या जुन्या चाव्यांसारखे साठत जातात. कुलूप कुठलं ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत!

आमचा प्रोजेक्टच तसा होता. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये बसून आम्ही जपानमधल्या एका खेड्यापाड्यांच्या तालुक्याचा इतिहास कॉम्प्युटरवर चढवत होतो. कुठलं गाव कुणात विलीन झालं, कुणाचं नाव गेलं, आणि सगळी गावं शेजारच्या शहरात गेल्यावर तालुकाच कसा उरला नाही. कोडिंग माझं आणि नागपूरच्या प्रशांतचं. दुभाषी एमिको, मेडनहेडहून येणारी. आणि व्हिडिओ कॉलवर ओनोसान, तिथल्या कचेरीतले निवृत्त कारकून. आमच्यात त्यांचं नाव 'आजोबा'. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. त्यांच्या खिडकीतून बेडकांचा आवाज यायचा आणि इकडे आमची कॉफी गार व्हायची.

*

पहिल्या डेमोत विलीन झालेल्या प्रत्येक गावापुढे मी लाल अक्षरात 'क्लोज्ड' दाखवलं. आजोबा स्क्रीनजवळ सरकले. मग हळूच काही बोलले.

एमिको म्हणाली, "ते विचारतायत, त्या क्लोज्ड गावात माझी बहीण राहते. तिला कळवू का?"

*

दोन गावं एकत्र आली, की दोघांच्या नावातलं एकेक अक्षर घेऊन कधी कधी नवं नाव करायचे. एका जोडीचं जमेना. कुणाचं अक्षर पुढे? शेवटी एकाचं अक्षर पुढे आणि कचेरी दुसऱ्याच्या हद्दीत!

"मग लोकांनी नवं नाव मान्य केलं?" मी विचारलं.

"लगेच!" आजोबा म्हणाले. "पत्रांवर फक्त जुनं लिहायचे."

"आणि पत्रं पोचायची?"

"पोस्टमनही जुन्याच गावचा होता!"

*

प्रशांतच्या डोक्यात हे इतकं भिनलं, की एका शनिवारी गाडी चालवताना त्याने सात वर्षांच्या मीराला, त्याच्या मुलीला, सांगितलं, "आपलं शहरही असंच जुन्या गावांवर, शेतांवर वसवलंय."

मीरा इकडेच जन्मलेली, तिचं मराठी तिचं तिचं. तिने खिडकीबाहेर बघितलं.

"बाबा, मग आपला किचन कुणाची शेतात आहे?"

प्रशांतने राउंडअबाउटला दोन फेऱ्या जास्त मारल्या.

*

एकदा प्रशांतनेच जुन्या नकाशावर बोट ठेवलं. "ओढ्यापलीकडे घरं दिसतायत. यांचं नाव यादीत नाही."

"त्या वस्तीला रजिस्टरमध्ये नाव नव्हतं," आजोबा म्हणाले. "मुख्य गावातच धरायचे."

"आमची वस्तीही ओढ्यापलीकडेच होती," प्रशांत म्हणाला. "कागदावर गावात धरायचे. विहिरीवर धरत नसत."

हे जपानीत सांगायला एमिकोला वेळ लागला. पुढच्या कॉलला आजोबा कागद घेऊनच बसले होते. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईंना विचारून त्यांनी वस्तीचं नाव ब्रशने लिहून आणलं होतं.

सॉफ्टवेअर अडलं. 'अधिकृत स्रोत?'

प्रशांतने टाइप केलं, 'एक आजी.'

सॉफ्टवेअरने एंट्री घेतली!

*

शेवटच्या कॉलला आजोबांची मंजुरी हवी होती. ते 'हो' म्हणाले, की नकाशा सगळ्यांसाठी खुला होणार आणि आमची टीम मोडणार.

मी नकाशाखालचा सालांचा स्लायडर सरकवत गेले. वर्षं पुढे गेली तसे गावांचे रंग ओल्या कागदावर पसरावेत तसे एकमेकांत मिसळले. शेवटी सगळीकडे एकच फिका निळा.

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले. मग, "उलटं नेता येतं?"

मी मागे नेलं. एकेक गाव वेगळं होऊन वर आलं. एका जागी त्यांनी हात वर केला. डोंगराच्या पायथ्याशी नखाएवढं पिवळं गाव. त्यांचं, लहानपणचं.

"मंजूर ना?" प्रशांतने विचारलं.

आजोबा बोलले. एमिकोने आमच्याकडे वळून सांगितलं.

"मंजूर आहे म्हणतायत. पण एवढ्यात पुढे नेऊ नका. आई अजून शेतातून यायची आहे."