एमोसी एक वायर जोडत नसे

एमोसीबद्दल कोणी विचारलं की फिलिमोनी दोन वाक्यं बोलतो आणि थांबतो. तो बेस गिटारी बनवायचा. तो माझा मेव्हणा होता. तिसरं वाक्य त्याला सुचत नाही.

तेहतीस वर्षं दोघांची घरं एकाच चढावर होती, मधे एक नीरफणसाचं झाड. एमोसीच्या खोकल्यावरून फिलिमोनी सांगू शकायचा की आज वारा समुद्रावरून येतोय की डोंगरावरून. त्याची कमरेला गुंडाळायची सुलू कुठे फाटली आहे, त्याला डालोच्या कंदापेक्षा कसावा जास्त आवडतो, हेही ठाऊक होतं. पण त्या माणसाला कशाची भीती वाटते, हे मात्र तो गेल्यावर कळलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

त्यात दोष कोणाचा, हे फिलिमोनीला अजून ठरवता आलेलं नाही. एमोसी त्याच्या चुलत आत्याचा मुलगा. वुनिवेसी गावात आतेभाऊ आणि मामेभाऊ हे जन्मापासूनच मेव्हणे, मग लग्न जुळो न जुळो. भावाशी जपून बोलायचं, काकांपुढे मान खाली घालायची, पण मेव्हणा दिसला की तोंड सुटलंच पाहिजे. त्याची टर उडवायची, त्याची वस्तू न विचारता उचलायची, यांगोना पिण्याच्या बैठकीत चारचौघांसमोर त्याला उघडं पाडायचं. ज्याला राग आला तो हरला. आणि जो गंभीर झाला, त्याला तर आठवडाभर सगळं गाव हसायचं. तेहतीस वर्षांत दोघांपैकी कोणी हरलं नव्हतं. म्हणजे तेहतीस वर्षांत ते एकमेकांशी सरळ एक शब्द बोलले नव्हते.

खोबरं वाळवायची जुनी भट्टी हीच एमोसीची कार्यशाळा. आत शिरलं की खवट तेलाचा वास यायचा, आणि छताला गिटारींच्या दांड्या टांगलेल्या असायच्या, धुरावर मासे टांगतात तशा. सावुसावु शहराच्या खाडीत गोऱ्यांच्या शिडाच्या बोटी येऊन महिनोन्‌महिने पडून राहायच्या. त्यांच्यावरून मोडकी वाद्यं मिळायची. कुठली जपानी दांडी, कुठल्या बुडालेल्या बोटीवरच्या खुंट्या, तारांखालचं चुंबक तिसऱ्याच गिटारीचं. धड तो स्वतः कापायचा, बहुतेक पडक्या घराच्या दाराच्या लाकडातून. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची. जुन्या तारा मेल्यासारख्या वाजायला लागल्या की तो त्या उकळायचा. मळ सुटून त्या पुन्हा बोलायला लागायच्या. उकळायचा कुठे, तर कसाव्याच्या पातेल्यात. त्यावरून बहिणीशी रोजची कटकट.

"आज काय, तारांचं कालवण का?" लाइसानी ओरडायची. तिनं लग्न केलं नव्हतं. भावाचं घर तीच सांभाळायची.

"फिलिमोनीला वाढ. त्याला फरक कळत नाही," एमोसी आतून म्हणायचा.

त्याच्या गिटारी वजनदार, जाड आवाजाच्या. अख्ख्या किनाऱ्यावरचे बँड त्या वाजवत. पण सगळ्यांत एक खोड होती. त्या गुणगुणायच्या. अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की कोणी तारेला हात लावायच्या आधीच एक बारीक, न संपणारी घूंऽऽ सुरू व्हायची, छपरात पोळं लागल्यासारखी. वाजवायला लागलं तरी ती गाण्याच्या खालून चालूच राहायची.

"मेव्हण्या, तुझ्या लाकडात गांधीलमाश्या शिरल्यात."

"शिरू देत. तू गायला लागलास की आपसूक पळतील."

ह्या गांधीलमाश्यांवर दोघांची वीस वर्षं निघाली. एमोसीला त्या गुणगुणीचं काही वाटत नसे. उलट कुठल्याही सभागृहात तो आधी अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा, हात मागे बांधून उभा राहायचा आणि कान देऊन ती ऐकायचा. ती ऐकू आली की मगच गिटार उचलायचा. ऐकू आली नाही तर गिटारीला जोडलेली वायर काढून पुन्हा लावायचा, पुन्हा ऐकायचा. लोकांना वाटायचं, स्वतःच्या कामावर लट्टू आहे. फिलिमोनीनं तर त्याची नक्कल बसवली होती, डोळे मिटून, मान वाकडी करून. बैठकीत ती हमखास मागितली जायची. एमोसीही हसायचा.

एकदाच तो वेगळं बोलला. शेवटची काळी गिटार त्यानं फिलिमोनीसाठी केली होती, जुन्या शाळेच्या दाराच्या लाकडातून. ती हातात देताना मागच्या झाकणावर बोट ठेवून म्हणाला, "हे उघडायचं नाही. आत एक वायर नाहीये. नाहीये ती नाहीच राहू दे."

आवाज नेहमीचा नव्हता. फिलिमोनीच्या ते लक्षात आलं होतं. पण मेव्हण्याच्या तोंडून असा आवाज आला की काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

"का रे? आत बायको लपवलीस की काय?"

एमोसीनं झाकणावरचं बोट उचललं. मग नियमाप्रमाणे हसला. "हो. तुझ्यापासून लपवायला दुसरी जागा आहे कुठे?"

ती वायर काय होती हे लाइसानीनं सांगितलं, पण सगळं होऊन गेल्यावर. फिलिमोनी माफी मागताना द्यायचा देवमाशाचा दात दोन्ही हातांवर धरून तिच्यापुढे जमिनीवर बसला, आणि आपण काय केलं ते त्यानं सांगितलं. त्या घरात दात स्वीकारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिनं तो घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याची दोरी बोटाला गुंडाळत सांगू लागली.

तिचा आणि एमोसीचा धाकटा भाऊ रूपेनी विटी लेवू ह्या मोठ्या बेटावरच्या एका हॉटेलात वाजवायचा. तिथे तो अपघातात गेला, एवढं गावाला माहीत होतं. कसला अपघात, हे कोणी विचारलं नव्हतं. एमोसीनं बनवलेली पहिली बेस गिटार रूपेनीच्या गळ्यात होती. तिची घोडी आतून एका बारीक वायरनं जोडलेली होती, जशी सगळ्या गिटारींची असते. ती वायर असली की वाजवणाऱ्याचा हात तारेला लागताच गुणगुण विरते. पण अ‍ॅम्प्लिफायर आतून बिघडलेला असेल, तर त्यातली वीजही त्याच वायरनं तारांवर येते. बाहेर पाऊस पडून गेला होता, मंच ओला होता. रूपेनी गायला माइकजवळ गेला आणि त्याचे ओठ माइकला लागले, तारांवरची वीज त्याच्यातून माइकच्या लोखंडात गेली. एमोसी समोरच्या रांगेत बसला होता. वायरला सोल्डर त्यानंच लावलं होतं.

"त्यानंतर त्यानं ती वायर कशातच जोडली नाही," लाइसानी म्हणाली. "म्हणायचा, गुणगुणतेय तोवर कोणी मरत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" ती म्हणाली. "तू मेव्हणा ना त्याचा?"

तर, एमोसी गेला त्या वर्षी शाळेची पन्नाशी होती. राजधानीतून, सुवाहून, रेडिओची माणसं गावच्या बँडचं ध्वनिमुद्रण करायला येणार होती, आणि बँडमध्ये बेस फिलिमोनी वाजवायचा. बँडचा प्रमुख इलाइतिया हा नाकासमोर चालणारा माणूस. सरावाच्या वेळी तो काळ्या गिटारीची गुणगुण ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "फिलिमोनी, रेडिओवर ही घूं घूं चालायची नाही. शेजारच्या गावाची गिटार मागवतो. त्यांची दुकानातली आहे."

"आणि एमोसीला काय सांगणार?"

"तू सांग. तुम्ही एकमेकांना काहीही बोलू शकता."

हे फिलिमोनीला लागलं. एमोसीची गिटार शाळेच्याच दाराची, आणि शाळेच्याच पन्नाशीला ती कोपऱ्यात पडून राहणार? मग त्याच्या डोक्यात आलेली गोष्ट त्याला इतकी आवडली की घरी जाईपर्यंत तो एकटाच हसत होता. वायर नाही म्हणून गुणगुणते ना? मग वायर लावू. शनिवारी एमोसी सभागृहात येईल, डोळे मिटून, मान वाकडी करून उभा राहील, गिटारीला हात लावेल आणि काहीच ऐकू येणार नाही. तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. वीस वर्षांच्या गांधीलमाश्या एका दिवसात मारल्या म्हणून फिलिमोनी जन्मभर त्याला चिडवेल. आणि गिटार रेडिओवर जाईल. ह्यातलं कुठलं कारण खरं होतं, हे तो आता सांगू शकत नाही. दोन्ही असतील.

गुरुवारच्या बसनं तो गिटार सावुसावुला घेऊन गेला. बिसेसरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या मागे होतं. बिसेसरनं झाकण उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ही वायर तर सगळ्यात आधी लावतात. बनवणारा विसरला कसा?"

"माझा मेव्हणा आहे," फिलिमोनी म्हणाला.

"मग बरोबर," बिसेसर हसला.

चहा निवेपर्यंत काम झालं. बिसेसरनं त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला गिटार जोडली, फिलिमोनीनं तारेवर हात ठेवला आणि खोली एकदम गप्प झाली. कान बंद झाल्यासारखं वाटलं. फिलिमोनीला ते तितकंसं आवडलं नाही. इतक्या वर्षांत त्या गिटारींमधून असली शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. पण बिसेसरचा प्लग चांगला तीन पट्ट्यांचा होता, तिथे काहीच झालं नाही, आणि फिलिमोनीनं पैसे देऊन परतीची बस धरली.

गावच्या सभागृहातला अ‍ॅम्प्लिफायर जुना होता, त्याच्या लोखंडी पेटीला हात लागला की मुंग्या यायच्या. त्याच्या प्लगची तिसरी पट्टी, बिघाडातली वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची, पकडीनं मोडलेली होती. सभागृहात दोन भोकांचीच लांब वायर होती, त्यामुळे सगळेच असं करत. एमोसीनं तीनदा नवा प्लग बसवला होता आणि तिन्ही वेळा कोणीतरी पुन्हा पट्टी मोडली होती. चौथ्यांदा त्यानं बसवला नाही. एकदा तर ती पट्टी फिलिमोनीनंच मोडली होती.

शनिवारी सकाळी रेडिओवाल्यांनी त्यांचं यंत्र लावलं. त्याचा प्लग नीट भिंतीत बसवला होता आणि माइक चकचकीत लोखंडी जाळीचा होता. बायकांनी सिमेंटची जमीन धुऊन काढली. दुपारी वीज गेली, शनिवारी बहुतेक जायचीच. रेडिओवाले जेवायला इलाइतियाकडे गेले. सभागृहात फिलिमोनी एकटाच राहिला. त्यानं काळी गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडून भिंतीला टेकवली. मग थोडा विचार करून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण चालू करून ठेवलं. वीज आल्या आल्या एमोसीच्या हाताखाली शांतता सुरू व्हावी, असा बेत होता.

एमोसी आला तो अनवाणी, पाय धुऊन. दाराशीच चपला काढायच्या ही शिस्त त्याच्याइतकी कोणी पाळत नसे.

"मेव्हण्या, एवढ्या लवकर? जेवण संध्याकाळी आहे."

"म्हटलं, तुझ्या हातून पडायच्या आत बघून घ्यावी." त्यानं गिटारीकडे पाहिलं, मग अ‍ॅम्प्लिफायरकडे. सवयीनं हात मागे बांधले, मान वाकडी केली. काही ऐकू येत नव्हतं.

"बंद आहे ना?"

"वीजच नाही, तर बंद काय नि चालू काय!"

हे वाक्य फिलिमोनीनं पुढे कितीदा मनात उलटसुलट केलं असेल, त्याला गणती नाही. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

एमोसीनं हात सोडले, पट्टा गळ्यात घातला आणि गिटारीच्या धडाच्या टोकदार शिंगावर कान टेकवून खुंट्या पिळू लागला. जाडी तार उतरली होती. मग त्यानं माइकचा खांब स्वतःकडे ओढला.

"हा कोणासाठी इतका उंच ठेवलाय? तुझ्यासारखा बुटका काय शिडी लावून गाणार?"

"मी गाणार नाही. रेडिओवाल्यांनी बजावलंय."

"शहाणी माणसं दिसतात."

फिलिमोनीला हसू आवरेना. आता इथं थांबलो तर तोंडावरूनच कळेल, असं त्याला वाटलं. चेहऱ्यावर काही लपत नाही, ही त्याची लहानपणापासूनची खोड. घर शंभर पावलांवर होतं, चुलीवर आधण होतं, आणि वीज यायला अजून निदान अर्धा तास होता, असा त्याचा अंदाज. तो दाराकडे गेला. मागे एमोसी ओल्या जमिनीवर पाय रोवून उभा होता, एक हात तारांवर, दुसऱ्या हातानं माइकच्या खांबाचा स्क्रू फिरवत.

"लिंबाच्या पानांचा चहा आणतो," फिलिमोनी म्हणाला. "वीज आली की हाक मार."

"हाक कशाला? गांधीलमाश्या उठल्या की कळेलच तुला," एमोसी म्हणाला. "आणि साखर घाल. परवा विसरला होतास."