भातातला खडा

आमच्या घरात जेवणाला चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. चांगलं म्हटलं की रांधणाऱ्याचा हात बिघडतो, असं माझ्या आजोबांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं, आणि ते गेल्यावरही आम्ही ते इमानेइतबारे पाळत होतो. दर रविवारी पंगत बसायची. पहिला घास पोटात गेला की प्रत्येकाने एक खोट सांगायची. बाबा सुरुवात करत, मग काका, काकू, आई आणि शेवटी आम्ही पोरं. मीठ कमी, तिखट जास्त, वरण पातळ, भात गिच्च. माझी आत्या स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी असायची आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायची. "अजून काय कमी हाय?" हेही तीच विचारायची. अशी नावं ठेवत ठेवत आम्ही तिसऱ्यांदा भात मागायचो आणि भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, खरवडून मोकळा व्हायचा. ती बसायची तेव्हा गंजाच्या तळाशी जे असेल ते तिचं.

आम्ही याला गंमत म्हणत होतो. आत्याला कुणी विचारलं नव्हतं.

नव्वदनंतरची ती वर्षं. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरला, आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बाबांची शिफ्टची नोकरी, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सकाळची बस पकडून जायची. काका-काकू बल्लारपूरहून दर रविवारी स्कूटरवर दोन पोरांना पुढेमागे कोंबून यायचे. आत्या बाबांची मोठी बहीण, घरातली मोठी माणसं तिला बाई म्हणत. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली तेव्हा ती एक पिशवी घेऊन पंधरा दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली, आणि त्याला अकरा वर्षं झाली. राहिली म्हणण्यापेक्षा आम्ही तिला ठेवून घेतली हे जास्त खरं. स्वयंपाकघरात ओट्याखाली तिची गुंडाळलेली सतरंजी असायची. पहाटे ती उचलली की तिचं घर संपलं आणि आमचं सुरू झालं.

तिचा स्वयंपाक अगदी साधा होता. भात, लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, वाळलेले झिंगे घातलेली वांगी, पावसाळ्यात तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी. याच्या पलीकडे ती जात नसे आणि आम्हाला जायला नकोच होतं. पण तांदूळ मात्र ती दोनदा निवडायची. बाल्कनीत उजेडाकडे तोंड करून बसायची, सूप मांडीवर घ्यायची आणि खडा सापडला की तो बाहेर न फेकता काठावर ठेवायची. निवडून झालं की खडे मोजायची, मग पुन्हा पहिल्यापासून निवडायची. तिच्या हातच्या भातात खडा लागलेला मला आठवत नाही. म्हणूनच रविवारच्या त्या फेरीत सगळ्याला नावं ठेवली जायची, पण खडा लागला असं कधी कुणी म्हटलं नाही. तेवढी लाज आम्हाला होती.

मी बारावीला होते, सायन्सला. एके दुपारी आत्याने माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण पाहिजे होती. बाजारात भेटलेल्या माहेरच्या गावच्या कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"तुह्यं अक्षर चांगलं हाय. अर्ज लिहून दे," ती म्हणाली.

मी लिहिला. तिने खाली सही केली, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची, एकेक अक्षर सुटं सुटं. मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाली, "तिथी खोली भेटते म्हणते. आतून कडी लावता येते."

चाळीस ओलांडलेल्या बाईला एवढंच हवं होतं, आतून लावता येईल अशी एक कडी. मला तिचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. मी स्वतः जाऊन अर्ज पोस्टात टाकला.

तिकडून निरोप आला की आश्रमशाळेचे अधीक्षक काही कामाने चंद्रपूरला येणार आहेत, रविवारी जेवायलाच येतील, हातची चव पाहतील. परका माणूस घरी येणार म्हटल्यावर आत्याला सगळं सांगावं लागलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि "पाहू" म्हणाले. नको असं कुणीच म्हटलं नाही. नको म्हणायला सुद्धा थोडी हिंमत लागते. फक्त आई संध्याकाळी बाबांना म्हणाली, आणि मी पुस्तक उघडून शेजारीच बसले होते, "बाई गेल्या तर सकाळचा स्वयंपाक हिच्याकडेच द्यावा लागंल. दुसरं कोण हाय?"

पुस्तकातलं पान माझ्यापुढे तसंच राहिलं. बारावीचं वर्ष, पहाटेची शिकवणी, आणि त्यात सगळ्यांचे डबे. मला डॉक्टर व्हायचं होतं. तेव्हा ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं होतं, पण मला वाटायचं, माझं खरं आहे. आत्याबद्दलचं वाईट वाटणं त्या एका वाक्यात संपलं.

शनिवारी आत्या तांदूळ निवडत होती. तिसऱ्यांदा. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "उद्या बाकीचे काई म्हणोत. तू एकटी तरी चांगलं म्हणजो."

"हो," मी म्हणाले.

रविवारी अधीक्षक आले. जाडजूड, मोकळे गृहस्थ. हात धुऊन पंगतीत मांडी घालून बसले आणि घास घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "चव कमी-जास्त झाली तं चालते. पण तांदूळ निवडलेला पाह्यजे. माह्याकडं दीडशे लेकरं हायेत. एखाद्याचा दात तुटला तं मायबाप माह्याच दारात."

आत्या दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. परीक्षेत आपल्याला येणाराच प्रश्न पडावा, तसा चेहरा.

जेवण सुरू झालं आणि आमची फेरीही सुरू झाली. बाबा म्हणाले, मीठ कमी. काका म्हणाले, वांगं कच्चं. काकूला झिंग्यांचा वास आला, आईला वरण पातळ लागलं. सवयीने बोलले की ठरवून, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्या दिवशी सगळे जरा जास्तच मोठ्याने बोलले. अधीक्षक मात्र काही खुळे नव्हते. ते हसायला लागले. "बापा! तुमच्या घरी लय खोट काढतेत," म्हणाले आणि दुसऱ्यांदा भात घेतला. मग तिसऱ्यांदा. काम झालं होतं. तिलाही कळलं होतं, मलाही कळलं होतं.

मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग पोरी. लेकरं खरं बोलतेत. कसा झाला स्वयंपाक?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"भातात खडा लागला," मी म्हणाले.

अधीक्षकांचा घास घेतलेला हात ताटावरच थांबला. पुढचा भात ते बोटांनी चिवडून खाऊ लागले, मग थोडा बाजूला सारला आणि उठले. आत्या पळी खाली ठेवून माझ्या ताटापाशी येऊन वाकली.

"दाखव," ती म्हणाली.

"गिळला."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि आत गेली. अधीक्षक पायात चपला घालता घालता म्हणाले, "कळवतो बाई." ते कळवणार नाहीत हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी काकूने पहिल्यांदाच आपणहून भांडी घासली. बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "जाऊ दे बाई. घरचं ते घरचंच." मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

आत्याही रागावली नाही. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या तांदळाचं सूप आणून माझ्या पुस्तकावर ठेवलं. "पाहून घे," म्हणाली. मी पाहिलं. "हाय का?" "नाई." तेव्हा कुठे तिने तांदूळ धुतले. मला वाटलं, दोन दिवस चालेल. बारावीचं वर्ष संपेपर्यंत चाललं. पाहुणे असोत, परीक्षा असो, मला ताप असो, सूप माझ्यासमोर यायचं आणि माझ्या तोंडून "नाई" निघाल्याशिवाय चूल पेटायची नाही. ती कधी चिडून विचारायची नाही. मी मात्र एकदा किंचाळले, "आत्या, नाई म्हटलं ना एकदा!" तर ती म्हणाली, "त्या दिवशी होता ना." आणि वाट पाहत तशीच उभी राहिली. खरं सांगायची ती संधी होती. अशा कितीतरी सकाळी होत्या. मी एकही घेतली नाही.

डॉक्टर मी झाले नाही. मार्क पुरले नाहीत. नागपूरला बी.एस्सी. केलं, पुढे चंद्रपुरातच नोकरी लागली, लग्न झालं. म्हणजे मी तिच्याकडून जे हिसकावलं, त्याचं मी काहीच केलं नाही.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी मी सगळ्यांना माझ्या घरी जेवायला बोलावलं. आत्या आता वाकली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला आणायलाच रिक्षा करावी लागली. मी मुद्दाम तिचाच स्वयंपाक केला. भात, लाखोळीचं वरण, झिंगे-वांगी. तांदूळ दुकानातलाच साफ केलेला, पिशवीतला. नुसता धुतला. निवडायला वेळ कुणाला होता? आणि खरं म्हणजे त्या वर्षापासून सूप हातात धरायचं माझ्या जिवावर यायचं.

आत्या पंगतीत बसली. आमच्या पंगतीत बसलेली मी तिला त्या दिवशी प्रथम पाहिली. दारात पळी घेऊन मी उभी होते. फेरी सुरू झाली. मीठ जास्त, वांगं गळलं, वरण पातळ. मला रडू येईल की काय असं वाटलं, एवढ्याशाने. इतकी वर्षं रविवारच्या रविवारी हे तिने कसं ऐकलं असेल?

आत्याची पाळी आली. तिने घास घेतला, चावला, आणि कट्ट असा आवाज झाला. सगळ्यांना ऐकू आला. काकांचा हात थांबला.

"खडा लागला का बाई?" बाबांनी विचारलं.

तिने तोंड मिटलेलंच ठेवलं. त्या धूसर डोळ्यांनी मी कुठे उभी आहे ते तिने शोधलं. मग तिचा गळा हलला. तो खडा ती गिळत होती, सावकाश, पाण्याचा घोटही न घेता.

"नाई," ती म्हणाली. "चांगला झाला."

आमच्या पंगतीत चांगलं म्हणणारी ती पहिलीच. मग तिने ताट पुढे केलं, अजून भात मागितला, आणि मला तो वाढावा लागला.