दिवे बंद का होते?

ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. खात्यात तीस वर्षं काढली. दरोडे पाहिले, खून पाहिले. पण कोणी "साहेब, तुमची एखादी केस सांगा" म्हटलं की मला आधी हीच आठवते आणि मी दुसरीच सांगतो. आज लिहायला बसलो आहे, जमेल तसं लिहितो. नावं लिहिणार नाही. ती माणसं अजून त्याच भागात राहतात.

शिरपूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हद्दीच्या टोकाला अनेर नदीचा पूल, पलीकडे जळगाव जिल्हा. रावेरकडून केळी भरून निघालेल्या गाड्या उजाडता उजाडता पूल ओलांडून आमच्याकडे यायच्या. पुलाच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर आमची चेकपोस्ट होती. पत्र्याची शेड, दोन बॅरिकेड, एक हवालदार आणि एक शिपाई, एवढाच कारभार.

थंडीचे दिवस होते. सकाळी पावणेसातला ठाणे अंमलदाराचा फोन आला. पूल आणि चेकपोस्टच्या मध्ये एक पिकअप उभ्या ट्रकवर मागून आदळली होती. मी पोचलो तेव्हा जीपच्या बोनेटपुढचं दिसत नव्हतं. नदीकाठच्या बागांतलं धुकं रस्त्यावर येऊन बसलं होतं.

ट्रकचं टायर बसलं होतं आणि तो अर्धा तास तिथेच उभा होता. ट्रकवाल्याने रीतीप्रमाणे सगळं केलं होतं. चारही इंडिकेटर चालू ठेवले होते, मागे दगड मांडले होते, बाभळीची फांदी टाकली होती. पिकअप त्या दगडांवरून जाऊन ट्रकच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात घुसली होती. तिची डावी बाजू पत्र्याच्या डब्यासारखी चेपली होती. डाव्या सीटवरचा माणूस जागीच गेला होता. ड्रायव्हरला मात्र कपाळावर एक खोक पडली होती, बस.

पंचनाम्यात आम्ही तीन गोष्टी लिहिल्या. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा जेमतेम हातभर. शेवटच्या क्षणी गाडी उजवीकडे ओढलेली. बंपरला खाली दोन पिवळे फॉग लाइट बसवलेले, शाबूत, पण त्यांचं बटण बंद. असे दिवे त्या भागातल्या बहुतेक पिकअपना असत. संध्याकाळी ते समोरच्याचे डोळे दिपवतात अशा गावोगावच्या तक्रारी होत्या, आणि दिवाळीनंतर आम्ही त्याविरुद्ध मोहीमही काढली होती.

तोवर तो अपघातच होता. दुपारी ठाण्यात एक फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही.

"अपघात अपघात काय लावलंय? मेला तो ड्रायव्हरचा कोण लागत होता, ते तरी विचारलं का?"

विचारलं. मेलेला माणूस ड्रायव्हरच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. त्याने तिला मारलं होतं आणि ती महिनाभर माहेरी येऊन राहिली होती. आठ दिवसांपूर्वी या भावाने मेहुण्याची गचांडी धरून, गावच्या पारावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की पुन्हा हात लावलास तर जिवंत ठेवणार नाही. आणि आठ दिवसांनी मेहुणा त्याच्याच गाडीत, त्याच्याच डाव्या हाताला मेला होता.

माझ्या हवालदाराने टेबलावर दोन काडेपेट्या मांडून दाखवलं. "साहेब, असं बघा. सरळ गेला असता तर दोघं मेले असते. ह्याने उजवीकडे ओढली. स्वतः वाचला आणि पाहुण्याला पुढे केलं."

"जीव वाचवायला कोणीही उजवीकडेच ओढेल," मी म्हणालो.

"मग ब्रेक का नाही मारला? दिवे का लावले नाहीत?"

मी पंचनामा पुन्हा काढून पाहिला. संशय हा असा असतो. एकदा खुर्ची दिली की तो उठत नाही, आणि येईल ती गोष्ट त्याच्याच बाजूने बोलायला लागते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सोडल्यावर ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. तिशीचा, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. मी विचारलं, "पुढे ट्रक उभा होता. दिसला नाही?"

"दिसना ना साहेब. त्यानं इंडिकेटर दिसनं." तो अहिराणीत बोलत होता; दिसला होता, असं म्हणत होता.

"मग थांबला का नाहीस?"

"म्होरली गाडी चालू व्हती, साहेब."

"ती अर्धा तास उभी होती! चार साक्षीदार आहेत."

"चालू व्हती," तो खाली बघत म्हणाला. "मी खोटं नही बोलस."

हवालदार हसला. "म्हणजे ट्रकवाला खोटा, आम्ही खोटे, दगडसुद्धा खोटे. एकटा तू हरिश्चंद्र."

मी दुसरा प्रश्न घेतला. "फॉग लाइट होते ना गाडीला? चालत होते?"

"हो."

"मग बंद का होते?"

तो गप्प झाला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. तीनदा विचारलं. पाणी दिलं, आवाज चढवला, हवालदाराला बाहेर पाठवून एकट्याने विचारलं. त्या एका प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला सांगितलं, की माणूस नेमका जिथे गप्प होतो तिथेच गुन्हा असतो. त्या रात्री मी स्टेशन डायरीत 'उत्तर देण्यास टाळाटाळ' असं लिहिलं.

त्याच संध्याकाळी त्याची बहीण ठाण्यात आली होती. सासरच्यांनी खुनाची तक्रार लिहून आणली होती आणि तिने त्यावर सही करावी म्हणून तिला बरोबर आणलं होतं. तिचा सासरा, दीर, सगळे व्हरांड्यात उभे होते. ती आत आली आणि उभीच राहिली.

"बसा ताई."

"नही. माले इतलंच सांगा साहेब. मना भाऊनी मुद्दाम करं का?"

मी म्हटलं, तपास चालू आहे. हे वाक्य आम्ही दिवसात दहा वेळा म्हणतो.

"बठ्ठं गाव बोली ऱ्हायनं," ती म्हणाली. "पन मीच त्यास्ले धाडं व्हतं. भाऊले सांगं, यास्ले तुनी गाडीवर ले, दोन्हीजन संगे ऱ्हाशात तं राग जाई. त्यास्ले न्यायले भाऊ तयार नव्हता. मीच धाडं." मग ती सही न करता थांबली. "उद्या सही करसू. पहिले तुम्ही सांगा."

म्हणजे तिचा भाऊ खुनी असेल, तर नवऱ्याला त्या गाडीत बसवणारी ती स्वतः होती. आणि तो खुनी आहे की नाही, हे तिला मी सांगायचं होतं. मी तिला उद्या या म्हणालो. मनात मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं, हेही कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा तसंच धुकं पडलं. जागा त्याच स्थितीत पुन्हा पाहावी म्हणून मी जीप काढायला सांगितली. आमचा ड्रायव्हर शिपाई जुना माणूस, कोर्टाच्या तारखेला जातानाही चाळीसच्या वर न चालवणारा. आम्ही पलीकडे जाऊन गाडी वळवली आणि पिकअप आली त्याच वाटेने पुलावर आलो. त्याने हेडलाइट फुल केला. पुढे पांढरी भिंतच उभी राहिली. त्याने चारही इंडिकेटर लावले. त्या रस्त्यावर धुक्यात प्रत्येक गाडी तशीच चालते. केळीच्या गाड्यांची रांगच्या रांग चारही दिवे मिचकावत जाते, आणि मागचा पुढच्याच्या मिचकावण्यावर भरवसा ठेवून चालतो.

पूल संपल्यावर पुढे दोन पिवळे ठिपके लुकलुकताना दिसले.

"गाडी चाललीय पुढे," मी म्हणालो. "लाग तिच्या मागे. रस्ता तरी कळेल."

"हो साहेब, बरंय, सोबत मिळाली."

आम्ही निवांत झालो. मी काचेवरची वाफ पुसत होतो. अचानक ते ठिपके मोठे झाले, एकदम मोठे, आणि त्यांच्यामध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका दिसला.

"अरे उभी आहे! थांब!"

जीप उजवीकडे फेकली गेली. ट्रॉली माझ्या दारापासून वीतभर अंतरावरून गेली. रस्त्याच्या कडेला गाडी थांबली. ट्रॉलीवाला बाजूला उभा राहून बिडी ओढत होता. त्याने चारही इंडिकेटर लावले होते. चालणाराही तेच लावतो, थांबणाराही तेच लावतो. मग मागच्याने ओळखायचं कसं?

माझा शिपाई स्टिअरिंगला धरून बसला होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "मी पण तुमच्या बाजूलाच घालत होतो."

म्हणजे कालपासून जो माणूस मला खोटारडा वाटत होता, त्याने मला शब्दन् शब्द खरं सांगितलं होतं. त्याच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते 'चालू व्हती' एवढंच होतं.

भीती ओसरली तसा मला राग आला. "अरे, पण आपल्या जीपला फॉग लाइट आहेत ना? खालचे दिवे लावले असते तर रस्ता दिसला असता, ट्रॉलीची चाकं दिसली असती. लावले का नाहीस?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "साहेब, तुमचंच पत्रक आहे ना? फॉग लाइट लावलेला दिसला तर गाडी जमा. पुढे आपली चेकपोस्ट. म्हटलं, लोकांना बंदी आणि आपण लावायचे, बरं दिसत नाही."

मी गाडी चालू करायला सांगितली. सरळ ठाण्याच्या आवारात आलो आणि जप्त केलेली पिकअप उघडायला लावली. पंचनाम्यात डॅशबोर्डच्या कप्प्यापुढे 'इतर किरकोळ कागदपत्रे' असं लिहून आम्ही मोकळे झालो होतो. तीन दिवसांत तो कप्पा कोणी उघडलाच नव्हता. त्यात गाडीच्या कागदांवर, सगळ्यात वर, घडी करून ठेवलेला तो कागद होता. 'सर्व पिकअप चालकांना लेखी समज.' खाली माझी सही.

तो मसुदा मी स्वतः लिहिला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शहरात, देवपूरला खोली घेऊन शिकलो. घरी कोणाला सही येत नव्हती, म्हणून लिहिलेल्या शब्दाचा मला फार मान आणि स्वतःच्या लिहिण्याचा थोडा गर्वही होता. चार ओळींत ठणठणीत समज लिहिली म्हणून वरिष्ठांनी कौतुक केलं होतं. फॉग लाइट लावून गाडी चालवताना आढळल्यास गाडी जमा करण्यात येईल. चांदण्यात, संध्याकाळी, स्वच्छ हवेत असा एक शब्दही त्यात नव्हता. धुक्याचा तर उल्लेखच नव्हता.

मी ड्रायव्हरला बोलावलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

"यामुळे बंद केले?"

त्याने कागदाची घडी बोटाने सरळ केली. "पुलवर येवालोंग चालू व्हतात, साहेब. म्होरे तुम्हनी चेकपोस्ट. म्हनीसन बंद करात."

"मग हे कालच का नाही सांगितलंस?"

"तुम्हनं नाव तुम्हले कसं सांगू?"

मग मला त्याची ती नजर कळली. तो माझ्या खांद्यावरच्या पट्टीकडे का पाहत होता, ते कळलं. मी त्याला टाळाटाळ म्हटलं होतं, आणि तो मला सांभाळून घेत होता.

खुनाचं कलम लागलं नाही. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, कारण धुक्यात इतक्या वेगाने जायला नको होतं, हेही खरंच. तो कागद मी तपासाच्या कागदांत लावला आणि वरिष्ठांना लेखी कळवलं. मला समज मिळाली. धुक्याबद्दल एक ओळ नसलेलं पत्रक काढलं, म्हणून.

त्याच दिवशी दुपारी बहीण आली. मी तिला बसवलं, ट्रॉलीचं सांगितलं, दिव्यांचं सांगितलं. तुझ्या भावाने मुद्दाम केलं नाही, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. सासऱ्याने हातातली तक्रार दुमडून खिशात घातली. तिने मात्र टेबलावरचा कागद उचलला. तिला वाचता येत होतं. तिने सावकाश, बोट फिरवत सगळा वाचला.

"आठे सही कोनी शे?"

"माझी."

ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने फक्त विचारलं, "कधी लावाना नहीत ते लिखं. मंग कधी लावाना, ते कसाले नही लिखं?"

त्या आठवड्यापासून चेकपोस्टची कामाची पद्धत बदलली. धुकं असेल तेव्हा आमचा माणूस गाडी हळू करायला लावून सांगायचा: शंभरेक पावलांपलीकडचं दिसत नसेल तर फॉग लाइट लाव. हेडलाइट खाली कर, फुल लाइट धुक्यावर आपटून तुझ्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चार इंडिकेटर बंद कर, ते उभ्या गाडीसाठी असतात. मागे लाल फॉग लाइट असेल तर मागची गाडी जवळ आल्यावर तो विझव, नाही तर तुझा ब्रेक लाइट त्याला कळणार नाही. आणि धुकं सरलं की सगळे बंद कर. एवढं सांगायला एका गाडीमागे मिनिटभरही लागत नव्हतं.

या केसने मला काय शिकवलं, असं विचारलं तर नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. साक्षीदार गप्प बसला की मी पूर्वी त्याच्या मनात काय आहे ते शोधायचो. त्यानंतर मी आधी हे पाहायला लागलो, की त्याच्यासमोर कोण बसलं आहे. संशय घेणं आमचं कामच आहे, ते सोडून चालत नाही. पण मी तो ड्रायव्हरवर घेतला, त्याच्या उजवीकडे वळण्यावर घेतला, त्याच्या गप्प बसण्यावर घेतला. स्वतःच्या सहीवर तो घ्यावा, हे मला तीन दिवस सुचलंच नाही.

ती बाई पुढे माहेरीच राहिली, असं ऐकलं. भावाची गाडी कोर्टातून सुटली आणि तो पुन्हा त्याच रस्त्यावर केळी वाहतो. दिवे कधी लावायचे ते का नाही लिहिलं, या तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. हे सगळं लिहून ते आता दिलं, असंही मला वाटत नाही.