दुसऱ्या मजल्यावरच्या गोळ्या

"दोन दिवस गोळी घेतलीच नाही मी. पण ती आत बसलीय ना, तिला सांगू नकोस हं."

आई बाहेरच्या खोलीत हे तमिळमध्ये म्हणाली. आत बसलेली ती म्हणजे मी. ऑफिसची मीटिंग चालू होती, माझा माइक बंद होता, आणि आमच्या दोन खोल्यांमध्ये दार नाही, नुसता पडदा आहे.

"अम्मा, खोटं नको. हात दे," समोरून उत्तर आलं. मराठीत. मग बीपीच्या पट्ट्यात हवा भरल्याचा फसफस आवाज, आणि त्यावर दोघींचं हसणं.

आईसमोर बसलेली ती मुलगी आमच्या गल्लीत गोळ्या घेऊन यायची. बीपी आणि शुगरच्या पेशंटना दर महिन्याला घरपोच औषध द्यायचं, असं इथल्या राज्य सरकारनं ठरवलं, तेव्हा त्या कामाला वस्तीतल्याच बचत गटांमधल्या बायका घेतल्या. आमच्या वाट्याला ही आली. माझ्याच वयाची असेल, कदाचित वर्षभरानं मोठीच, तरी मला "अक्का" म्हणायची. खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं यंत्र, गोळ्यांची पाकिटं आणि कडा दुमडलेलं एक रजिस्टर. पाच मिनिटांचं काम. आमच्याकडे ती पाऊण तास बसायची.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा सकाळी आठला गिंडीतल्या त्यांच्या कारखान्यात जातात. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते, दोन दिवस सिरुसेरीच्या ऑफिसात जाते. पण घरात असले तरी मी पडद्याच्या आतच असते. त्यामुळे आईला कुणी बोलायला मिळालं याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

बाबांच्या नोकरीसाठी आम्ही सोलापूरहून इथे तमिळ मुलखात आलो तेव्हा मी बालवाडीत होते. घरीही इंग्रजीच बोला, असं शाळेनं सांगितलं होतं. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. पुढे कधीतरी तिनं विचारणं कमी केलं. मराठी वाचायला मी तिच्या मासिकांवरून शिकले, तेही ती झोपलेली असताना, कारण चुकले तर ती हसेल असं वाटायचं. आणि इथे ही मुलगी "शेंगदाणे"चा उच्चार पाच वेळा चुकत होती, आई पाचही वेळा हसत होती, आणि पुन्हा म्हणून दाखवत होती. मला ऐकू येईल इतक्या प्रेमानं.

आई तिला "कण्णा" म्हणायची. इथे लाडक्या लेकरांना म्हणतात तसं. मला ती "अगं" म्हणते.

शेंगाचटणीचा डबा तिच्यासाठी वेगळा भरलेला असायचा. एकदा मी तो चुकून उघडला तर आई म्हणाली, "तो नको घेऊ, तिचा आहे. तू काय, पिझ्झा मागवशील." मी झाकण लावलं आणि पडद्याआड परतले. मी सहसा बोलत नाहीच.

मग तिला घर मिळालं. सरकारी वसाहतीच्या जुन्या इमारती पाडून तिथे नव्या बांधल्या होत्या, तिथलं घर तिच्या आईच्या नावानं लागलं. तेही तळमजल्यावर. वाटपाचं पत्र तिनं आधी आमच्या घरी आणून दाखवलं. आईनं तिच्या तोंडात साखर घातली आणि मला हाक मारली, "अगं, बाहेर ये, बघ तरी!" मी हेडफोन कानावरच ठेवून "काँग्रॅट्स" म्हणाले. तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरासाठी आम्ही दोन वर्षं हिंडत होतो. अशा घरांवर आमचा हक्क नव्हता, मला ठाऊक होतं. तिचं जुनं घर पावसाळ्यात किती गळायचं तेही ठाऊक होतं, कारण पडद्याआडून सगळं ऐकू येतं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात नवा नियम आला. आमच्या वॉर्डात दवाखाना उघडला होता, म्हणून ज्यांना चालता येतं त्यांनी तिथे जाऊन गोळ्या घ्यायच्या; घरपोच फक्त घराबाहेर पडता न येणाऱ्यांना. प्रत्येक घरातल्या कुणीतरी मोबाइलवर एक फॉर्म भरायचा होता. त्याची लिंक तिनं मलाच पाठवली. "अक्का, बाकी घरांचे मीच बसून भरते. तुमचं इंग्रजी छान, तुम्हीच भरा."

पाचवा प्रश्न होता: रुग्णाला दवाखान्यापर्यंत स्वतः जाता येतं का?

दिवाळीत आई खाली उतरली होती. बाबांनी एका बाजूनं आणि तळमजल्यावर राहणाऱ्या शेजारच्या मामांनी दुसऱ्या बाजूनं धरलं होतं, आणि वर यायला अर्धा तास लागला होता. पण उतरली तर होती. बाहेर त्या दोघी कशावर तरी खिदळत होत्या. मी "हो" वर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवून दिला.

पुढच्या महिन्यात ती आली नाही.

म्हणजे गल्लीत आली, समोरच्या घरी गेली. आईनं गॅलरीतून हाक मारली तेव्हा खालून ओरडली, "लिस्टमध्ये नाव नाही अम्मा! विचारते मी!" आई आत आली आणि खुर्चीत बसली. "सरकारी काम. होईल दुरुस्त," म्हणाली. डबा टेबलावर तसाच होता.

मी बीपीचं यंत्र मागवलं. बाबा कामावर जाताना दवाखान्यातून गोळ्या आणायला लागले. दोन-तीनदा त्यांना सांगितलं गेलं, पेशंटला तपासायला घेऊन या. रोज संध्याकाळी मी आईच्या दंडाला पट्टा बांधायचे. हीच जागा मला हवी होती ना, मिळाली. मी मराठीत विचारायचे, "गोळी घेतलीस?" ती म्हणायची, "हो." "बरं वाटतंय?" "हो, बरंय." यंत्रावरचा आकडा दर दिवशी वाढलेला. पाकीट उघडून बघितलं तर गोळ्या तशाच. मी आकडा तिला दाखवला. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

मग वॉर्डाची सभा भरली, शाळेच्या हॉलमध्ये. बाबांना सुट्टी मिळाली नाही म्हणून मी गेले आणि मागच्या रांगेत बसले. नगरसेविका होत्या, आरोग्य खात्याचे एक साहेब होते. गटाराचं झालं, डासांचं झालं. मग आमचे तळमजल्यावरचे मामा उठले. "आमच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक अम्मा आहेत. त्यांना दाराबाहेर पाय टाकता येत नाही. त्यांचं नाव कापायला काय झालं?"

साहेबांनी टॅबवर बोट फिरवलं. "इथे तर चालता येतं असं लिहिलंय. या गल्लीचं काम कुणाकडे?"

ती भिंतीशी उभी होती. पिशवी पोटाशी धरून पुढे आली.

"घरी न जाताच भरलंस का गं?" साहेब म्हणाले. "तीन तक्रारी आल्यात. अशा बायका ठेवून काय करायचं? हिच्या जागी दुसरी बघा."

कुणीतरी हसलं. "नवं घर मिळालंय ना, आता कशाला जिने चढेल!"

आमच्या घरचा फॉर्म कुणाच्या मोबाइलवरून गेला हे तिला नक्की माहीत होतं. लिंक तिनंच पाठवली होती. मी मागे बसलेय हेही तिनं आत येताना पाहिलं होतं, मान हलवून हसली होती. आता ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. रजिस्टर उघडून म्हणाली, "सर, मी आज परत भरते."

"परत बिरत नाही. चूक तुझी, की नाही?"

ती गप्प राहिली. मला माहीत असलेला गप्पपणा होता तो. घरात मी तशीच उभी राहते. फरक एवढाच की ती माझ्यासाठी गप्प होती.

मी उठले. खुर्ची मागे सरकली, सगळ्यांनी वळून पाहिलं. माझी तमिळ मैत्रिणींबरोबर हॉटेलात बोलण्यापुरती आहे, सभेत बोलण्याची नाही.

"तिची चूक नाही," मी म्हणाले. "तो फॉर्म मी भरला. आईला जिना उतरता येत नाही हे मला माहीत होतं, तरी मी खोटं लिहिलं. आई माझं ऐकत नाही, तिचं ऐकते. तिलाच परत पाठवा."