दुसऱ्या मार्गाचा नकाशा

दिल्लीहून येणारा प्रत्येक साहेब नागपुरात पाय ठेवला की एकच वाक्य बोलायचा, नागपूर म्हणजे देशाचा मध्य. जणू आम्हाला हे त्याच्याकडूनच कळणार होतं. पण त्या वर्षी या वाक्याला जरा वजन आलं होतं. देशातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था एका वेगवान जाळ्यात जोडायचं वरून ठरलं होतं, आणि मध्यावर असल्यामुळे त्या जाळ्याचं एक केंद्र शहरातल्या सदर भागात आलं. मी शहरातल्या एका संस्थेत संगणक विभाग सांभाळत होतो. आमच्या इमारतीपासून सदरच्या केंद्रापर्यंत केबल नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

केबल एक नाही, दोन न्यायच्या होत्या. एक आमच्या पुढच्या फाटकातून सरळ सदरला. दुसरी मागच्या फाटकातून निघून महाल या जुन्या वस्तीतून वळसा घेत सदरला. कारण उघड होतं. त्या दिवसांत नागपूरच्या प्रत्येक रस्त्यावर एक जेसीबी उभा असे, आणि तो कधी कुठे दात घालेल हे त्याच्या ड्रायव्हरलाही माहीत नसे. एक केबल तुटली तर दुसरीवरून काम चालू राहावं, एवढीच अपेक्षा. कागदावर अतिशय शहाणी योजना होती.

या केबलीत केसाएवढ्या काचेच्या तारा असतात आणि त्यांतून प्रकाश पळतो. दोन तुकडे जोडायचे तर दोन केसांची टोकं वितळवून एक करावी लागतात. हे काम करणारा आमचा जॉइंटर उमरेडचा होता. पस्तिशीचा, सडपातळ, बोलायला कमी. घरी हातमाग होता, वडील शेवटपर्यंत मागावर बसले. तो रोज पहाटेच्या एसटीने नागपूरला यायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा. ठेकेदाराचा माणूस, म्हणजे नोकरी आज आहे, उद्याचं उद्या.

त्याच्या कामात मला खोट काढता आली नाही, आणि मी चुका काढणारा म्हणून संस्थेत बदनाम आहे. रस्त्याच्या कडेला चादर अंथरून, वर छत्री बांधून तो बसायचा. काचेचे कापलेले तुकडे कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकायचा. जोड झाला की यंत्राच्या पडद्यावर आकडा यायचा, त्या जोडात किती प्रकाश वाया गेला ते सांगणारा. तो आकडा दाखवल्याशिवाय तो पुढच्या तारेला हात लावत नसे.

"पाहा साहेब, मशीन का म्हणून राह्यली."

मशीन दर वेळी एकच म्हणायची, जवळजवळ काहीच वाया गेलं नाही. महालातल्या एका गल्लीत भर उन्हात मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून एकेक आकडा पाहिला आणि एकेक सही केली. त्या गल्लीत तो आणि मी मिळून चार दिवस होतो. स्कूटरवाले आम्हाला शिव्या देऊन जायचे, समोरचा पानवाला चहा पाठवायचा. माझ्या नोकरीतले ते बरे दिवस होते, हे मी आता कबूल करतो.

घोळ झाला तो मागच्या फाटकाशी. तिथला रस्ता नुकताच सिमेंटचा झाला होता आणि तो फोडायची परवानगी कोणी देईना. मी तीन कचेऱ्यांत फिरलो. उद्घाटनाची तारीख जवळ येत होती. शेवटी ठेकेदाराच्या सुपरवायझरने तोड काढली. दुसरी केबलही पुढच्याच फाटकातून काढायची, पहिलीच्याच पाइपातून चौकापर्यंत न्यायची, आणि तिथून महालाकडे वळवायची.

"सर, काहून टेन्शन घेऊन राह्यले?" तो म्हणाला. "पाइप आहे, जागा आहे. परमिशन आली का मांगच्या गेटातून काढून देऊ. टेम्पररी आहे."

"आणि नकाशा?"

"नकाशा तं तयारच आहे, सर."

हे आमच्या धंद्यातलं खास कौशल्य. काम झाल्यावर प्रत्यक्षात केबल कुठून गेली त्याचा नकाशा काढायचा असतो. पण तो खोदकामाच्या आधीच तयार असतो, कारण तो मंजूर आराखड्यावरूनच उतरवतात. केबल जमिनीखाली जाते, नकाशा फायलीत जातो, आणि दोघांची पुन्हा भेट होत नाही. त्या नकाशात दुसरी केबल मागच्या फाटकातून दिमाखात बाहेर पडत होती. मी सही केली. जॉइंटर तेव्हा महालात होता. केबल ओढण्याचं काम दुसऱ्या टोळीचं, त्यामुळे पाइपाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला आणि सुपरवायझरला.

उद्घाटन दिल्लीहून पडद्यावर झालं. सभागृह भरलेलं, पडद्यावर दुसऱ्या शहरातले एक प्राध्यापक बोलत होते. मी सगळ्यांसमोर पहिल्या केबलचं टोक यंत्रातून उपसलं. प्राध्यापक बोलतच राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोलीतलं टोक काढलं की दुसरी केबल काम उचलते, हे खरंच होतं. पण जमिनीत दोघी एकाच पाइपात झोपल्या आहेत हे त्या परीक्षेत कोणालाच कळणार नव्हतं. मलाही टाळ्या आवडल्या.

मागच्या फाटकाची परवानगी पुढे कोणी आणलीच नाही. मीही मागे लागलो नाही. दीड वर्ष गेलं, आणि एके दिवशी दुपारी नाल्याचं काम करणाऱ्या जेसीबीने आमच्या फाटकासमोर तो पाइप उपटला. दोन्ही केबली एकाच घावात गेल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळाही आमच्यातूनच जोडलेल्या होत्या, त्याही बंद. एका संशोधक बाईंचं दूरच्या महासंगणकावर आठवडाभर चाललेलं काम मध्येच तुटलं. त्या माझ्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तर दोन मार्ग आहेत म्हणाला होतात." मी त्यांना बसा म्हणालो.

जॉइंटर त्या आठवड्यात सुट्टी घेऊन उमरेडला होता. एक फोन केला असता तर पुढच्या गाडीने आला असता. पण तो आला असता तर त्याने खड्ड्यात एकाच पाइपातून लोंबणारी चार टोकं पाहिली असती. मी फोन केला नाही. सुपरवायझरने बाहेरगावची दोन माणसं आणली, त्यांनी दोन्ही केबली जोडल्या, आणि खड्डा बुजला.

मग चौकशी बसली. दोन वेगळे मार्ग असताना दोन्ही एकदम कसे बंद पडले, हा प्रश्न वरून आला. समितीने नकाशा टेबलावर पसरला. नकाशा खरा धरला तर उत्तर एकच निघत होतं. जेसीबीने पहिली केबल तोडली, आणि दुसरी त्याआधीच मेलेली होती. ती कुठे मेली असेल? जिथे जोड आहे तिथे. महालात. आणि सुपरवायझरने तसंच लिहून दिलं, महालातला जोड सदोष आढळला, नवा केला.

जॉइंटरला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि एकच मागणी केली.

"साहेब, तो जुना जोड मले पाहू द्या. एकदा पाहू द्या, मंग तुम्ही म्हणान ते खरं."

"कापून फेकला," सुपरवायझर म्हणाला. "कचऱ्यात गेला."

समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, "नकाशा बरोबर आहे ना?"

"मंजूर आराखड्याप्रमाणेच आहे, सर."

"आणि जोड करताना आकडे चांगले होते, तरी नंतर जोड बिघडू शकतो?"

"शकतो."

या दोन्ही उत्तरांत शब्दानेही खोटं नाही. मी ती आदल्या दिवशी घरी बसून तयार केली होती. जॉइंटर माझ्याकडे पाहत होता. मी काहीतरी बोलेन अशी त्याची अपेक्षा होती की नव्हती, मला कळलं नाही, कारण मी नकाशाकडे पाहत होतो.

मला भीती वाटली, एवढंच. नकाशा खोटा ठरला असता तर सही माझी होती. मुलीचं लग्न, केंद्राची अब्रू, ठेकेदाराचे वरचे संबंध ही कारणं मी नंतर गोळा केली. ठेकेदाराने जॉइंटरला काढलं, आणि शहरातल्या इतर ठेकेदारांनाही कळवलं. नागपुरात हे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोणी त्याला पुन्हा उभं केलं नाही.

पुढच्या वर्षी मी 'विस्तार' या नावाची वेगळी फाइल काढून दुसरी केबल मुकाट मागच्या फाटकातून नेली. तेव्हापासून आमचं केंद्र एकदाही बंद पडलं नाही. त्याबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. शाल बायकोने कपाटात ठेवली आणि मी ती कधी वापरली नाही.

निवृत्त झालो आणि अचानक मला धैर्य आलं. आता माझं काही जाणार नव्हतं ना! एका सकाळी उमरेडची एसटी पकडली. विचारत विचारत पोहोचलो तर तो कोळशाच्या खाणीच्या फाटकावर पहारेकरी होता. ट्रक आला की दांडा वर करायचा, गेला की खाली. मला पाहून धावत आला, खुर्ची पुसून दिली, दोन चहा सांगितले.

"तुम्ही ते काम का सोडलं?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"पुण्याहून बोलावणं आलं होतं साहेब, एका कंपनीचं. मीच नाही गेलो." त्याने हात पुढे करून उलटसुलट पाहिले. बोटांच्या भेगांत कोळसा बसला होता. "पह्यले मले वाटलं, सुपरवायझरनं फसवलं. मंग म्हटलं, तुम्ही तं बसले होते तिथं. तुम्ही माहा एकेक जोड पाह्यला होता. जोड चांगला असता तं तुम्ही गप नसते बसले. म्हंजे माह्याच हातात खोट. पुन्हा कोणाचं काम बिघडवाचं काहून?"

मी त्याला सगळं सांगितलं. पाइप, सिमेंटचा रस्ता, खड्डा, न केलेला फोन. तुमच्या जोडात काहीच नव्हतं, जुना जोड कोणी कापलाच नाही, तो आजही महालात चालू आहे. मध्ये एक ट्रक आला, त्याने उठून दांडा वर केला, खाली केला, आणि परत येऊन बसला.

मग तो हसला, समजूत घालताना हसतात तसा.

"तुम्ही माणूस चांगले आहा साहेब. एवढ्या दूर आले माहं मन राखाले."

"मन राखायला नाही हो. खरं सांगतोय."

"असू द्या साहेब. असं असतं तं तुम्ही तवाच बोलले असते."

मी पुन्हा सांगितलं. माझी सही होती, मी घाबरलो होतो. तो मान हलवत राहिला आणि चहा थंड होतो म्हणाला. त्याची पाळी संपल्यावर तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. नागपूरची गाडी लागताच गर्दीत पुढे धावला, खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकला आणि माझ्यासाठी जागा धरली.