सुमारे तीनशे झाडं

आमच्या बस थांब्याजवळच्या वडाला वटपौर्णिमेचं सूत अजून गुंडाळलेलं आहे. काल कुणीतरी त्या सुतावरूनच पांढऱ्या रंगाने आकडा काढून गेलं: ३४७. रस्ता रुंद करायचाय, त्यासाठी तोडायच्या झाडांतलं हे शेवटचं.

माझी लेक चौथीत आहे. शाळेत सध्या स्थानिक किंमत शिकवतायत, त्यामुळे दिसेल तो आकडा ती फोडत सुटते. "तीन शतक, चार दशक, सात एकक. जवळचा शेकडा तीनशे!"

माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नाही. सकाळीच पेपरात पालिकेच्या साहेबांचं म्हणणं वाचलं होतं, "सुमारे तीनशे झाडं जातील." गणित बरोबरच आहे हो! पण ज्याला कवेत घ्यायला गल्लीतल्या चार बायका लागतात, तो यांच्या बोलण्याच्या सोयीसाठी असा गायब होतो? तोडणार तर आहातच, निदान मोजा तरी नीट!

लेक मात्र खुशीत होती. सुतावर हात ठेवून म्हणाली, "आई, तीनशेच तोडणार ना? मग वरची सत्तेचाळीस वाचली. आपला वड त्यातच आहे!"