अर्धी राहिलेली रेघ

भिंतींना चुना द्यायला माणूस आला, आणि त्याच्या बादलीचा ओला वास येताच मला नवनगरचं टेनिस कोर्ट आठवलं. माझे अप्पा त्या कोर्टाची देखभाल करायचे. रोज सकाळी दोरी ताणून, वाकून चुन्याच्या रेघा आखायचे. शाळेत असताना मी टेनिसमध्ये राज्यात पहिली आले आणि ही मोठी खेळाडू होणार, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. पुढे मी खेळावरच पोट भरू लागले, पण आधी घोटा गेला, मग मनगट, मग खांद्याची दोन ऑपरेशनं. ‘आता खेळणं बंद,’ असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा अप्पांना कुठल्या तोंडाने सांगू, या काळजीने रात्रभर झोप नव्हती. सकाळी कोर्टावर जाऊन एका दमात सांगून टाकलं. अप्पांनी हातातलं चुन्याचं डबडं खाली ठेवलं. “मुगीतु! संपलं म्हण की एकदाचं,” ते कंबर धरून उभे राहत नेहमीसारखं अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाले. “दोन वर्षं झाली, वाकवत नाही मला. तू खेळतीस म्हणून गप होतो.” मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू. कधी रेघ अर्धी न सोडणारे अप्पा ती तशीच टाकून माझ्याबरोबर चहाला निघाले. आज चुनेवाला म्हणाला, “अक्का, एवढा कोपरा उरलाय, उरकून टाकतो.” मी म्हटलं, “राहू दे, आधी चहा घ्या.”